शेजारचे घर
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुमच्याशी एका निवडणुकीबद्दल बोलणार आहे. ती रत्नागिरीत झाली नाही. आपल्या दक्षिणेला गोव्यात झाली. तिला आता साठ वर्षे होत आली. पण तिची आठवण आमच्या घरात आहे आणि तिच्यातून निघालेला प्रश्न आपल्या रत्नागिरीकरांचाही आहे, असे मला वाटते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, प्राथमिक शिक्षक होते. गोवा मुक्त झाल्यावर तिथे गावोगाव मराठी शाळा सुरू झाल्या आणि त्यांना शिक्षक हवे होते. आपल्या जिल्ह्यातून अनेकजण गेले. अण्णाही गेले. तेव्हा सावंतवाडी, वेंगुर्ले, कणकवली हे सारे रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्यामुळे अण्णांच्या हिशेबी गोवा म्हणजे परमुलूख नव्हताच. एस.टी.ने सावंतवाडी, तिथून बांदा, पुढे पत्रादेवी आणि मग म्हापसा. जिल्ह्याची हद्द संपली की गोवा सुरू.

पत्रादेवीला गाडी थांबली की अण्णा हात जोडत. १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच वाटेने नि:शस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले होते आणि पोर्तुगीजांच्या गोळ्यांना बळी पडले होते. ज्या मुलखासाठी आपल्या माणसांनी रक्त सांडले, तो मुलूख आपलाच, ही त्या पिढीची भावना होती. तो महाराष्ट्रात यायला हवा, हे त्यांना सांगावे लागत नसे. आंबा आढीत घातला की पिकतो, इतके ते त्यांना साधे वाटे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. दीव-दमणसह तो केंद्रशासित प्रदेश झाला आणि त्याला तीस जागांची विधानसभा मिळाली. २८ जागा गोव्याच्या, एक दमणची, एक दीवची. पहिली निवडणूक ९ डिसेंबर १९६३ रोजी झाली. सगळ्या देशात काँग्रेसचे राज्य होते. गोवा मुक्त केला तोही नेहरूंच्या सरकारने. साहजिकच काँग्रेसवाल्यांना आपलीच सत्ता येणार असे वाटत होते. निकाल लागला तेव्हा काँग्रेसच्या पदरी एक जागा पडली, तीही दमणची. खुद्द गोव्यात शून्य. चौदा जागा मिळवून पहिला आला तो त्याच वर्षी जन्मलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो. त्याची निशाणी सिंह. बारा जागा मिळाल्या युनायटेड गोवन्स पक्षाला. तोही त्याच वर्षीचा. त्याची निशाणी हात.

नऊ-दहा महिन्यांच्या या बाळाने काँग्रेसला कसे लोळवले? नुसते ‘मराठीप्रेम’ एवढे उत्तर पुरत नाही.

गोव्यात जमीन भाटकाराची. तिच्यावर राबणारे कूळ वेगळे आणि भाटकाराच्या जागेत झोपडी बांधून राहणारा मुंडकार वेगळा. घर मुंडकाराने बांधलेले, पण खालची माती दुसऱ्याची. भाटकाराची मर्जी फिरली तर चंबूगबाळे उचलायची पाळी. पोर्तुगीज गेले तरी भाटकार होतेच. पक्षांच्या बैठकांत पुढच्या खुर्च्यांवर बसणारी मंडळीही बहुतेक त्याच वर्गातली. बहुजन समाजाला वाटले, स्वातंत्र्य आले ते यांच्याच वाड्यावर उतरले. आपल्या अंगणात ते कधी येणार?

शेजारच्या महाराष्ट्रात कूळकायदा झाला होता. कसेल त्याची जमीन, हे शब्द हद्दीपलीकडे ऐकू जात होते. मराठी ही गोव्यातल्या हिंदूंची देवळातली, भजनाची, कीर्तनाची, दशावताराची भाषा होती. पोथी वाचायची ती मराठीत. मराठी आणि महाराष्ट्र या दोन शब्दांमागे गोव्यातल्या कुळाला पोथी दिसत होती आणि सातबाराही दिसत होता. मगो पक्षाने या दोन्हींची सांगड घातली.

पक्षाला नेताही तसाच मिळाला. दयानंद बाळकृष्ण बांदोडकर. पेडण्यात जन्मलेला, खाण धंद्यात स्वत:च्या हिकमतीने वर आलेला, सढळ हाताचा माणूस. लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत. १९६३ ची सार्वत्रिक निवडणूक त्यांनी स्वत: लढवलीच नव्हती. आधी मुख्यमंत्री झाले आणि नंतर मडकईच्या पोटनिवडणुकीतून निवडून आले. २० डिसेंबर १९६३ रोजी त्यांचा शपथविधी झाला. पुढच्याच वर्षी गोव्याचा कूळकायदा आला. खेडोपाडी शाळा उघडल्या. अण्णा ज्या शाळेत होते, ती एका देवळाच्या अग्रशाळेत भरे. पोरे जमिनीवर बसत, पण हजेरीपटावरची आडनावे पाहून अण्णा हरखून जात. ज्या घरांत आजवर पाटी आली नव्हती, त्या घरांतली ती मुले होती.

समोरच्या बाजूला होते डॉ. जॅक सिक्वेरा. त्यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचे म्हणणे असे की, गोव्याचे वेगळेपण राखले पाहिजे. गोव्याची स्वत:ची भाषा आहे, ती कोकणी. साडेचारशे वर्षे या भूमीने निराळा इतिहास भोगला आहे. तिला शेजाऱ्यात विरघळवू नका, तिचे स्वत:चे राज्य करा. या पक्षामागे ख्रिस्ती समाज मोठ्या प्रमाणावर उभा होता आणि उच्चवर्णीय हिंदूंपैकीही काही होते. आमच्याकडे त्या काळी या मंडळींना सरसकट पोर्तुगीजधार्जिणे म्हणून मोकळे होत. अण्णाही म्हणत. आज मागे वळून पाहताना ते बोलणे मला न्यायाचे वाटत नाही. भारतात राहूनच आपले राज्य मागणे हा काही द्रोह नव्हे. आपण १९५६ ते १९६० या काळात दुसरे काय मागत होतो?

जानेवारी १९६५ मध्ये मगोने विधानसभेत विलीनीकरणाचा ठराव मंजूर करून घेतला. बहुमत होते, ठराव झाला. सिक्वेरांनी हरकत घेतली. सरकार पाच वर्षांसाठी निवडतात, प्रदेशाचे अस्तित्व कायमचे असते. तीस जणांच्या सभागृहातल्या साध्या बहुमताने ते मिटवता येणार नाही, लोकांनाच थेट विचारा. गोव्यातले काँग्रेसचे नेते पुरुषोत्तम काकोडकर यांनीही दिल्लीत हीच बाजू लावून धरली. अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. कौल नि:पक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांनी सत्ता सोडावी, अशी विरोधकांची मागणी होती. बांदोडकरांनी राजीनामा दिला. जिंकण्याची खात्री असल्याशिवाय कोणी असे करत नाही.

मतदानाची तारीख ठरली १६ जानेवारी १९६७. पर्याय दोनच. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल. केंद्रशासित राहायचे असेल तर दोन पाने. स्वतंत्र राज्य हवे असणाऱ्यांसाठी तिसरी निशाणी नव्हती. त्यांनी दोन पानांवरच समाधान मानायचे होते.

प्रचाराचे ते दिवस अण्णा पुढे वर्षानुवर्षे सांगत. मडगावच्या ‘राष्ट्रमत’ या दैनिकाने विलीनीकरणाविरुद्ध रान उठवले. ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक! त्यात उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर येई आणि लोक त्याची वाट पाहत. विलीनीकरणाच्या बाजूचा ‘गोमन्तक’ही मराठी. म्हणजे मराठीत जायचे की नाही, याचे भांडण मराठीतच जोरात चालले होते. शिवाय उल्हास बुयांव कोकणी गाणी गात गावोगाव फिरत होते. गाण्याला गर्दी होई आणि गर्दीला मुद्दा पोचे.

मुद्देही पोटापाण्याचे होते. महाराष्ट्रात दारूबंदी आहे, मग माडावर चढणाऱ्या रेंदेराने काय करायचे? नोकऱ्या मुंबई-पुण्याकडची माणसे घेऊन जातील. आणि सर्वांत झोंबणारा मुद्दा आपला होता. अण्णा ज्या वाड्यावर राहत, तिथे कोपरा सभा झाली. वक्त्याने विचारले, विलीन होऊन तुम्ही कोण होणार? महाराष्ट्राचा आणखी एक जिल्हा. कसा? पलीकडे रत्नागिरी आहे ना, तसा. जाऊन बघून या, रेल्वे आहे का, कारखाना आहे का. तरणीताठी माणसे मुंबईच्या गिरणीत आणि घरी म्हातारी मनीऑर्डरची वाट बघत बसलेली.

अण्णा म्हणत, मी मागे उभा होतो. उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मिटले. कारण त्याच महिन्यात मी स्वत: घरी मनीऑर्डर केली होती.

मतदान झाले. सुमारे ८२ टक्के लोकांनी मत दिले. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. त्यातल्या सतरा हजारांच्या आसपास माणसांनी बाजू बदलली असती, तर आज गोवा महाराष्ट्रात असता. हा निकाल ख्रिस्ती मतांमुळे लागला, असे इकडे लोक म्हणत राहिले. पण ख्रिस्ती लोकसंख्या निम्म्याहून बरीच कमी होती. हिंदूंची, तीही बहुजन हिंदूंची काही मते दोन पानांकडे गेल्याशिवाय हा आकडा जुळतच नाही.

अण्णा त्या आठवड्यात रजा काढून घरी आले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. मी विचारले, ‘‘अण्णा, आपण हरलो का हो?’’ ते म्हणाले, ‘‘होय.’’ आणि पडवीत जाऊन बसले. आईने चहा नेऊन दिला, तो तसाच निवला.

खरी गंमत पुढेच आहे. अडीच महिन्यांतच, मार्च १९६७ अखेरीस, गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली. ज्या पक्षाचे नावच महाराष्ट्रवादी, ज्याची मुख्य मागणी लोकांनी नुकतीच फेटाळली, त्याचे आता बारा वाजणार असे सर्वांना वाटत होते. निकाल काय लागला? मगो १६, युनायटेड गोवन्स १२, अपक्ष २. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री. १९७२ मध्ये तर मगोच्या जागा १८ झाल्या.

अण्णांना याचा उलगडा होईना. त्यांनी शाळेतल्या एका मुलाच्या आजीला विचारले. मुंडकाराचे घर, भाऊसाहेबांचा फोटो देवाशेजारी लावलेला. ‘‘आजी, मत कोणाला दिलेत?’’ ती म्हणाली, ‘‘सिंहाक.’’ ‘‘आणि जानेवारीत?’’ म्हातारी हसली. म्हणाली, ‘‘मास्तर, शेजार बरो म्हणून आपलें घर कोण मोडना.’’

अण्णांनी हे वाक्य शेवटपर्यंत जपून ठेवले. ते विलीनीकरणवादीच राहिले, पण त्या वाक्याला त्यांच्याजवळ उत्तर नव्हते.

माझ्या मते त्या म्हातारीने मगोच्या उदयाचे सारे मर्म सांगितले. तिला पक्ष हवा होता, कारण त्याने तिच्या नातवाला शाळा दिली आणि तिच्या डोक्यावरच्या छपराला आधार दिला. ‘महाराष्ट्र’ हा शब्द तिच्यासाठी त्या न्यायाकडे जाणारी वाट होता. चार वर्षांत तो न्याय पणजीतच मिळू लागला. आपल्यातला माणूस मुख्यमंत्री झाला. त्याला भेटायला एक दिवस पुरे होई. मग ती गादी मोडून मुंबईला कशाला न्यायची? मगो जसजसा यशस्वी होत गेला, तसतशी त्याची मागणी अनावश्यक होत गेली. आपल्या यशानेच आपला मुद्दा संपवणारा असा पक्ष विरळाच.

राज्याच्या मागणीवर उभ्या राहिलेल्या पक्षांचे पुढे काय होते, हे इतरत्रही पाहण्याजोगे आहे. आपली संयुक्त महाराष्ट्र समिती ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात स्थापन झाली. १९५७ च्या निवडणुकीत आपल्या भागातून तिचेच लोक लोकसभेवर गेले, राजापुरातून नाथ पै आणि रत्नागिरीतून प्रेमजीभाई आसर. एक समाजवादी, दुसरे जनसंघाचे. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले आणि समितीतले घटक आपापल्या वाटेने गेले. बिहारमध्ये जयपालसिंग मुंडांच्या झारखंड पक्षाने १९५२ साली विधानसभेच्या ३२ जागा जिंकल्या, आदिवासींच्या राज्यासाठी. राज्य मिळेना, म्हणून १९६३ मध्ये, म्हणजे मगो जन्मला त्याच वर्षी, तो पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला. मागणी मात्र मेली नाही. झारखंड मुक्ती मोर्चाने ती उचलली आणि १५ नोव्हेंबर २००० रोजी झारखंड झाले. तेलंगणाचा पक्ष २००१ मध्ये निघाला, २०१४ मध्ये राज्य मिळवून सत्तेवर आला, २०२२ मध्ये त्याने आपल्या नावातून तेलंगणाच काढून ‘भारत’ घातले आणि २०२३ मध्ये तो सत्तेतून गेला.

कोणाला मागणी मिळाली आणि पक्ष संपला. कोणाचा पक्ष संपला आणि मागणी जगली. मगोची मागणी हरली आणि पक्ष सत्तेत राहिला. १९७३ मध्ये बांदोडकर गेले, त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर १९७९ पर्यंत मुख्यमंत्री होत्या. पुढे ओहोटी लागली. १९८९ मध्ये चाळीसपैकी अठरा जागांपर्यंत पक्ष पुन्हा चढला, २०२२ मध्ये दोन जागांवर आला. नावात मात्र ‘महाराष्ट्रवादी’ अजून आहे. बंद पडलेल्या दुकानाची पाटी जुन्या गिऱ्हाइकांसाठी ठेवावी, तसे.

सिक्वेरांचा पक्षही पुढे फुटला आणि विरला. पण त्याने मागितलेले राज्य आले. त्याआधी भाषेवरून मोठे रण माजले, माणसांचे जीव गेले. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला. कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापरालाही मुभा राहिली. ३० मे १९८७ रोजी गोवा देशाचे पंचविसावे राज्य झाले. जनमत कौलानंतर वीस वर्षांनी. १६ जानेवारी हा दिवस तिकडे ‘अस्मिताय दीस’ म्हणून पाळतात.

अस्मितेचा प्रश्न तिथे मिटला असे मात्र नाही. २०२२ मध्ये मूळ गोवेकरांचे हक्क मागणारा रिव्होल्युशनरी गोवन्स हा नवा पक्ष पहिल्याच निवडणुकीत एक जागा जिंकून गेला. आता भीती महाराष्ट्राची नाही. बाहेरून येऊन जमिनी घेणाऱ्यांची आहे. ही भीती आपल्या किनाऱ्यावरही आहे, हे मी तुम्हाला वेगळे सांगायला नको.

श्रोतेहो, शेवटी आपल्यापाशी येतो. १९६७ मध्ये गोव्याने आपल्याकडे बोट दाखवून ‘असे व्हायचे नाही’ म्हटले. त्याचा राग येणे सोपे होते. आपल्यातल्या पुष्कळांना तो आला. पण त्या वक्त्याने खोटे काय सांगितले होते? जिल्ह्यात रेल्वे नव्हती. कोकण रेल्वे सलग धावू लागली ती १९९८ मध्ये. गावे मनीऑर्डरवर जगत होती. भाषेचे राज्य आपल्याला मिळाले, त्यासाठी आपण झगडलो, त्याचा अभिमान आहेच. पण भाषेचे राज्य मिळाले म्हणून भाकरी आपोआप येत नाही. पणजीच्या मुंडकाराला तिच्या दारातले सरकार मिळाले. आपल्या वाडीतल्या माणसाला मंत्रालय गाठायला रात्रभराचा प्रवास करावा लागे. मला वाटते, त्या कौलात मराठी हरली नाही. मुंबईने कोकणाकडे जे दुर्लक्ष केले, ते हरले.

म्हणून निराळे राज्य मागा, असे मी सांगत नाही. मला महाराष्ट्र हवा आहे. पण ज्याला लोक आपण होऊन यावेत असे वाटते, त्याने आधी घरातल्या थोरल्याला नीट वागवावे. धाकटा दारात उभा राहून तेच बघत असतो.

अण्णा निवृत्त होऊन रत्नागिरीत परतले, तेव्हा त्यांच्या गोव्यातल्या दोन विद्यार्थ्यांनी सामान पोचवायला गाडी केली होती. दोघेही सरकारी नोकरीत होते, पणजीत. अंगणात बसून जेवताना अण्णांनी त्यांना सहज विचारले, ‘‘अरे, तेव्हा गोवा इकडे आला असता तर?’’ मुले एकमेकांकडे बघून हसली. एकजण म्हणाला, ‘‘मास्तर, मग आम्ही आज मुंबईला असतो.’’

अण्णाही हसले. मग उठून त्यांनी त्या दोघांच्या पानात आणखी एकेक उकडीचा मोदक वाढला.